वढायचा पंखा

सरजाबाईनं मुखेडच्या बाजारात टोपलीवरचं ओलं पोतं बाजूला केलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सकाळची गिऱ्हाइकं कधीच परतली होती. एक बाई वाकली, तिनं कटला माशाच्या पोटावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. ती नाकाला पदर लावून पुढे गेली. सरजाबाईनं त्या खड्ड्यावर पाणी शिंपडलं.

मग एक उंच, काळासावळा माणूस उकिडवा बसला. खाकी शर्टाच्या खिशात पाना होता. त्यानं माशाचा कल्ला उचकटून आत पाहिलं. आत पांढुरकं झालं होतं.

"आक्का, हे कालचे हायत."

"काल न्हाई, आजचे! पहाटं पान्यात व्हते." सरजाबाईचा आवाज चढला. "आमच्या ह्येंनी सवता काडलेत."

"पहाटंचे असून असे?"

"मंग काय करू? इंजिनाची नाव हाय आमची. रिकामी जाती अर्ध्या तासात. भरली की तीन तास लागायलेत काठाला यायला. आठची यष्टी निगून जाती. मंग अकराच्या यष्टीवर, टपावर टाकून आनायचं. टप असा तापतो की भाकर भाजंल."

माशाचा विषय सोडून त्या माणसानं विचारलं, "धूर काडतं का इंजिन? काळा?"

"काडतं. अन् म्हशीवानी हंबरतं."

त्याचं नाव भुजंग. मुखेडच्या जिनिंगमध्ये तो फिटर होता. दोन वर्षं पाऊस नाही, कापूस नाही, म्हणून जिनिंगला टाळं होतं आणि भुजंग घरी बसून होता. त्याच्या हातांना काम नव्हतं, ते पाहूनच कळत होतं. बोलताना ते सारखे काहीतरी पिळत होते.

"बोरसरीचं धरण ना? परवा येतो," तो म्हणाला आणि एक रोहू पिशवीत टाकून घेऊन गेला. सडत चाललेला मासा त्यानं का घेतला, हे सरजाबाईला कळलं. तिनं मान खाली घातली.

ते इंजिन नव्या जिल्ह्यासोबत आलं होतं. उस्मानाबादचा तुकडा पडून लातूर जिल्हा झाला, त्याला तिसरा उन्हाळा चालू होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब. मासेमारी सोसायटीला इंजिन द्यायचं असं वर ठरलं आणि एक खोकं बोरसरीत येऊन पडलं. सरजाबाईचा नवरा ग्यानोबा सोसायटीची लोखंडी नाव वल्हवायचा. तीस वर्षं वल्हं मारून त्याचा उजवा खांदा उतरला होता. हात कानापर्यंत जात नव्हता. जेवताना तो डाव्या हातानं उजव्याचं कोपर उचलून घास तोंडाशी न्यायचा. म्हणून इंजिन आलं तेव्हा सरजाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं होतं.

आणि आता शुक्रवारी साहेब पाहणीला येणार होते. इंजिन नीट चालत नसेल तर ते उचलून दुसऱ्या धरणावर द्यायचं, असा कागद आला होता. धरणाचं पाणीही उतरत होतं. रोज सकाळी काठ हातभर मागे सरकलेला दिसायचा. उथळ पाणी तापलं की मासा उलटा होऊन वर येतो. सगळे मासे आता मधल्या जुन्या नदीच्या डोहात गोळा झाले होते. पाऊस येईतो जेवढे काढता येतील तेवढे काढायचे, नाहीतर ते तिथंच मरणार होते. अन् ग्यानोबाला वल्हं मारता येत नव्हतं.

भुजंग बुधवारी पहिल्या यष्टीनं आला. शिरूरच्या बाजूनं येताना दहा कोस सगळं करपलेलं. काळी जमीन भेगाळून उघडी पडलेली, बाभळीलासुद्धा पाला नव्हता. धरणाच्या भिंतीवर तो चढला आणि थांबला. समोर पाणी होतं. खूप उतरलं होतं, कडेला चिखलाचे पट्टे दिसत होते, तरी दोन-तीन मैल लांब ते चकाकत पडलं होतं. भुजंगनं टोपी काढून हातात घेतली.

"एवडं पानी," तो म्हणाला. "आमच्याकडं दोन घागरीसाठी भांडनं चाललीत."

खाली ग्यानोबाची नाव काठाला लागत होती. काळा धूर, जड हंबरणं, आणि वेग असा की काठावरून चालणारं कुत्रं पुढे निघून गेलं. नाव टेकताच सरजाबाई टोपल्या उतरवायला पाण्यात शिरली.

"आक्का, उतरवू नका," भुजंग ओरडला. "भरलेलीच ऱ्हाऊ द्या. असंच येक चक्कर मारायचं हाय."

"आन् हे मासे?"

"आजचे वाया जातील. पर मला भरल्या नावंचं दुखनं बगायचंय. रिकामीचं बगून काय करू?"

ग्यानोबानं बायकोकडे पाहिलं. आठची यष्टी वळणावर दिसत होती. सरजाबाईनं हातातली टोपली परत नावेत ठेवली.

भुजंगनं पिशवीतून एक मीटर काढला. मुठीएवढा, तोंडाशी रबरी बोंड असलेला. जिनिंगची चाकं मिनिटाला किती फिरतात ते त्यावर कळायचं. इंजिनाचं टोपण काढून त्यानं वरच्या फिरत्या चाकाच्या मध्यावर ते बोंड टेकवलं. नाव पाण्यात घेऊन ग्यानोबानं वेगाची मूठ पूर्ण पिळली. इंजिन विव्हळलं. काटा चौतीसशेवर जाऊन थरथरत राहिला. किती पिळलं तरी पुढे जाईना.

परत आल्यावर भुजंगनं इंजिनाच्या बाजूची पत्र्याची पट्टी फडक्यानं पुसली आणि वाचली. "साडेचार हजार ते साडेपाच हजार. एवडं फिरायला पायजे. हे चौतीसशेवरच गुदमरतंय." त्यानं इंजिन मागून उचलून तिरकं केलं आणि पाण्याबाहेर आलेल्या पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मधल्या बोंडावर आकडे ठोकलेले होते. "साडेआठ, नऊ. म्हंजी पंखा साडेआठ इंच रुंद. आन् येक फेरा मारला की नऊ इंच म्होरं जानार."

"मंग चांगलंच हाय की," ग्यानोबा म्हणाला.

"दादा, नाव कशासाठी हाय तुमची? पळवायला का वढायला?"

सरजाबाईच म्हणाली, "पळवायची कुटं? चौदा टोपल्या, वलं जाळं, दोन मानसं. वल्या जाळ्याचंच वजन दोन पोत्यांयेवडं व्हतं. वढायलाच हाय."

भुजंगनं तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग हा पंखा तुमचा न्हाई. हा हलक्या नावंचा. खोक्यात अजून येक आसंल बगा."

"व्हता," ग्यानोबा म्हणाला. "मालकाच्या घरी हाय."

मालक म्हणजे शरणप्पा. सोसायटीचे चेअरमन. सहा वर्षं चेअरमन होते आणि मासा कधी हातात धरला नव्हता. घर शाकाहारी, कांदासुद्धा जपून चिरायचे. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात, शंख आणि प्लास्टिकच्या फुलांच्या मध्ये, तो दुसरा पंखा चकचकीत पुसून ठेवलेला होता.

ग्यानोबा पायरीशी थांबला. सरजाबाई त्याच्या मागे. भुजंग अंगणातच उभा राहिला. त्याला कोणी वर ये म्हणालं नाही, आणि त्यानं वाट पाहिली नाही.

"चपटा हाय तो," शरणप्पा म्हणाले. "बगा की. पाती पार झोपलेली. सरकारनं बसवलेला चांगला टोकदार पंखा काढून हा बसवायचा? परवा साहेब येनार. त्यांनी विचारलं तर मी काय सांगू, जिनिंगच्या फिटरनं सांगितलं म्हून?"

"मालक, तुमच्या ट्रॅक्टरचा जॅक आनता का?" भुजंग म्हणाला.

"जॅक कशाला?"

"बगा तर."

शरणप्पांची बायको रुद्राणी आतून सगळं ऐकत होती. तिनंच गड्याला हाक मारून जॅक आणवला. भुजंगनं तो अंगणात उभ्या ट्रॉलीखाली लावला आणि सरजाबाईला म्हणाला, "आक्का, फिरवा."

सरजाबाईनं दांडा धरला. एक फेरा, दुसरा फेरा, दहा फेरे. ट्रॉलीचं चाक जमिनीवरून बोटभर उचललं. तिनं दांडा सोडला आणि मागे सरकली. ज्वारीच्या पोत्यांनी अर्धी भरलेली ट्रॉली तिनं एकटीनं उचलली होती.

"कामून उचलली?" भुजंगनं विचारलं. "जॅकचे आटे बारीक हायत म्हून. येका फेऱ्यात जरासंच वर येती, पर जोर लागत न्हाई. हेच आटे मोठे आसते तर तुमच्या चार गड्यांनीबी दांडा फिरला नसता. पंखा म्हंजी पान्यातले आटे. बसवलाय तो मोठ्या आट्याचा. भरल्या नावंत इंजिनाला तो फिरवता येईना. हा चपटा म्हंजी बारीक आट्याचा. रुंदी तेवडीच हाय, मापून बगा. फेऱ्याला साडेसहा इंचच जाईल, पर फेरे पुरे मारंल."

शरणप्पा ओसरीवरून उतरले. त्यांनी स्वतः जॅकचा दांडा धरला आणि दोन फेरे दिले. ट्रॉली आणखी वर आली. त्यांनी चाकाखालच्या फटीकडे पाहिलं.

"रुद्राणी, तो पंखा दे," ते म्हणाले. "पर मी नावंत येनार. माज्या डोळ्यासमोर व्हायला पायजे. मोडलं तर तितंच कळंल."

दुसऱ्या दिवशी दिसू लागताच सगळे काठावर होते. भुजंग रात्री ग्यानोबाकडेच राहिला होता; जाळं ओढणारा जोडीचा गडी तेवढा आला नव्हता. भुजंगनं नावेची मागची बाजू काठाला लावून इंजिन तिरकं केलं, पिन उपटली, नट काढला आणि टोकदार पंखा ओढून घेतला. दोन्ही पंखे एकमेकांवर ठेवून त्यानं शरणप्पांना दाखवले. कडेला कड जुळली. फरक फक्त पिळाचा होता. मग चपटा दांड्यावर सरकवला, नट आवळला, नवी पिन ठोकून तिची टोकं वाकवली.

"जाताना नाव रिकामी आसती. वजन लागंल," तो म्हणाला. "न्हाईतर मीटरवर खरं येनार न्हाई."

दगड भरले. तरी नाव पुरती बसेना. भुजंग इकडेतिकडे पाहू लागला.

"आक्का, तुमी बसा."

सरजाबाई हसली. मग तिच्या लक्षात आलं, तो गंमत करत नाही. तीस वर्षांत ती नावेत कधी बसली नव्हती. कंबरभर पाण्यात शिरून टोपल्या उतरवायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि बाजारात बसायचं, एवढंच तिचं पाणी. पुढचं पाणी पुरुषांचं. तिनं ग्यानोबाकडे पाहिलं. ग्यानोबा इंजिनाशी वाकला होता, त्यानं डावा हात पुढे केला. ती त्याचा हात धरून चढली आणि दगडांवर बसली. शरणप्पा तिच्या समोर, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. त्यांना पोहता येत नव्हतं, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोरी ओढली. पेट्रोलवर इंजिन पेटलं, मग ग्यानोबानं चावी फिरवून रॉकेलवर आणलं. नाव काठापासून सुटली.

"मूठ पिळा," भुजंग म्हणाला.

ग्यानोबानं अर्धी पिळली. मग आणखी. इंजिनाचा आवाज वेगळाच निघाला. हंबरणं गेलं होतं. आवाज चढत गेला, बारीक झाला, एकसारखा झाला. ग्यानोबाचं तोंड उघडं राहिलं. नावेचं नाक जरासं वर आलं आणि मागं पाण्याची लांब पांढरी रेघ उमटली. काठावरचं लिंबाचं झाड मागे, मग टेकडी मागे. वारा सरजाबाईच्या तोंडावर आला, डोक्यावरचा पदर मागे उडाला. तिनं तो सावरला नाही. दोन्ही हात धरायला लागत होते.

भुजंग चाकावर मीटर टेकवून डोळे बारीक करून पाहत होता. "सत्तेचाळीसशे!" तो ओरडला. "मालक, सत्तेचाळीसशे!"

शरणप्पांनी मान हलवली. ते पाण्याकडे पाहत होते. पाणी बदललं होतं. काठाचं मातकट पाणी संपून काळंनिळं लागलं होतं. ग्यानोबानं बांबू खाली सोडला. बांबू हातभर उरला आणि तरी तळ लागला नाही.

"डोह आला," तो म्हणाला. "हितं जुनी नदी हाय."

त्यानंच मूठ थोडी आणखी पिळली. आणि समोरचं पाणी फुटलं.

आधी एक. हातभर लांब, पांढराशुभ्र, कमरेएवढा उंच उडून आडवा होऊन पाण्यावर आदळला. सरजाबाईला वाटलं कोणी दगड मारला. मग डावीकडे दोन, उजवीकडे पाच, आणि मग मोजणं राहिलंच नाही. नावेच्या दोन्ही बाजूंनी, पुढं, मागं, सगळा डोह उडू लागला. चंदेरे मासे होते. उगवत्या उन्हात त्यांची अंगं आरशाच्या काचांसारखी लखलखत होती. माणसाच्या छातीएवढे वर जायचे, हवेत शेपूट झाडायचे, वळायचे आणि खाली पडायचे. पडण्याचे आवाज एकावर एक येऊ लागले, बडवल्यासारखे, इंजिनावरून ऐकू यावेत इतके. एक नावेत पडला, दगडांवर आपटत राहिला. दुसरा थेट शरणप्पांच्या छातीवर बसला. ते मागे कोलमडले. पांढऱ्या सदऱ्यावर ओला, चिकट पट्टा उमटला. मासा त्यांच्या मांडीवर धडपडत होता, आणि ते हात वर धरून त्याच्याकडे पाहत राहिले.

"मूठ सोडू का?" ग्यानोबानं घाबरून विचारलं.

"न्हाई," सरजाबाई म्हणाली. तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नसावा. ती पुन्हा म्हणाली, "न्हाई, न्हाई. सोडू नका."

एक तिच्या अगदी जवळून गेला. खांद्याच्या बाजूनं, तोंडापुढून. क्षणभर त्याचा डोळा तिला दिसला. गोल, ओला, काळा. असा डोळा तिनं कधी पाहिला नव्हता. तिला माहीत होता तो धुरकट, आत गेलेला. बाजारात गिऱ्हाईक पहिल्यांदा तेवढंच बघतं. तो मासा पलीकडे पाण्यात गेला आणि ती त्याच्यामागे वळून पाहत राहिली. भुजंगच्या हातात मीटर तसाच होता, पण तो आकडा पाहत नव्हता. त्यानं काल भिंतीवर काढली होती तशी टोपी काढली होती, कधी ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

डोहाच्या टोकाला ग्यानोबानं इंजिन बंद केलं. एकेक करून उड्या थांबल्या. शेवटचा एक लांबवर पडला. मग काही नाही. सगळ्यांच्या कानात घुमत होतं.

शरणप्पांनी मांडीवरचा मासा दोन बोटांनी नाही, दोन्ही तळहातांनी उचलला आणि नावेच्या तळाशी ठेवला.

"सहा वर्सं झाली," ते म्हणाले. "दर वर्साला माशाचं बीज सोडल्याच्या कागदावर सही करत आलो. इतकी हजार बोटुकली, इतकी हजार बोटुकली. मला वाटायचं, कागदावरच हायत."

मग काम सुरू झालं. रात्रभर टाकलेलं जाळं ओढायचं होतं. ग्यानोबाचा खांदा वर जाईना. सरजाबाईनं लुगडं खोचलं आणि दोर धरला. भुजंगनं दुसरा. ओलं जाळं कडेवरून येत होतं तसं नाव त्या बाजूला कलत होती. थोड्या वेळानं दोर हलका झाला असं सरजाबाईला वाटलं. मागे पाहिलं तर शरणप्पांनी तो धरला होता. मासे सोडवायला त्यांनी हात लावला नाही, पण दोर शेवटपर्यंत ओढला. तळहात सोलले तसे त्यांनी धोतराला पुसले.

दगड डोहात सोडून दिले. पंधरा टोपल्या भरल्या. नाव पाण्यापासून वीतभर वर उरली. परतताना वारा समोरून होता, आणि खरी परीक्षा तीच होती. भुजंगनं पुन्हा मीटर टेकवला. शेहेचाळीसशे. इंजिन जरा घोगरं झालं, पण गुदमरलं नाही. काळा धूर नव्हता. नाव लाटांवर नाक आपटत, पाणी उडवत, धीरानं पुढे चालली. चपटा पंखा पाण्यात रुतून ओढत होता. भुजंगनं ग्यानोबाला बजावलं, "रिकामी आसली की मूठ पुरी पिळायची न्हाई, दादा. बारीक आट्यांवर इंजिन लई फिरंल, आन् फुटंल. भरल्यावर पिळा. तवा काय भ्या न्हाई."

"हाव," ग्यानोबा म्हणाला. तो एका डाव्या हातानं नाव चालवत होता. उजवा हात मांडीवर निवांत पडला होता.

काठाला लागले तेव्हा पावणेआठ झाले होते. परतायला पाऊण तास लागला होता.

शरणप्पा उतरले. चिखलात पाय रुतला, चप्पल अडकली, ती उपसून हातात घेतली. भुजंगजवळ येऊन थांबले. "उद्या साहेब येतील," ते म्हणाले. "तुमी पायजेत. तो जॅकचा हिशोब मला नीट सांगता यायचा न्हाई. घरी या. वर या." मग सदऱ्यावरच्या पट्ट्याकडे पाहत, धरणाच्या भिंतीच्या दिशेनं हळूहळू निघाले.

भुजंग मीटर फडक्यात गुंडाळत होता. टोकदार पंखा त्यानं ग्यानोबाच्या हवाली केला आणि तेलानं पुसून ठेवायला सांगितलं. पैशाचं विचारल्यावर तो हसला, उद्या सकाळी येतो म्हणाला नि यष्टीची जागा धरायला पुढे गेला.

सरजाबाईनं टोपल्या काठावर मांडल्या. एकेका माशावर पाणी मारलं, कल्ला उघडून पाहिला. आत लालभडक होतं. काहींची शेपूट अजून हलत होती. तिनं ओली पोती झाकली. ग्यानोबा बाजूला बसून खांदा चोळत होता.

"आवो," ती म्हणाली. "तुमी हे रोज बगत व्हता? तीस वर्सं? येकदाबी सांगितलं न्हाई मला."

ग्यानोबानं मान हलवली. "न्हाई गं. मीबी आजच बगितलं."

"म्हंजी?"

"वल्ह्याच्या आवाजाला ते उडतच न्हाईत. आन् त्या पयल्या पंख्याच्या रडगाण्यालाबी उडले न्हाईत कवा. मला जाळ्यात येतील तेवडेच मालूम व्हते." त्यानं खांदा चोळायचा थांबवला. "तीस वर्सं म्या त्येंच्या डोक्यावरनं जात व्हतो."

वळणावर आठच्या यष्टीचा भोंगा वाजला. सरजाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकून टोपली उचलली, पण लगेच चालली नाही. दोघं समोर पाहत उभे राहिले. म्हशी काठाच्या चिखलात बसल्या होत्या. वारा पडला होता. धरणाचं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होतं, आणि वरून त्यात काहीच दिसत नव्हतं.